निदान आणि कारण : नाशिक जिल्ह्यातील डिझेल मोटारींच्या इंधनयंत्रणेच्या दोषचिकित्सेचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारांचे लक्ष सामान्यतः यंत्र कोणी शोधले, ते कोठे बनले आणि किती विकले गेले या तीन प्रश्नांवर खिळलेले असते. यंत्र बिघडल्यावर बिघाड कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे जातो व तो अधिकार कोणत्या पुराव्यावर चालतो, हा प्रश्न मात्र कारखान्याच्या दाराबाहेरचा म्हणून सोडून देण्यात येतो. वस्तुतः यंत्राचे बहुतेक आयुष्य दाराबाहेरच जाते. प्रस्तुत लेखात डिझेल मोटारीच्या इंधनयंत्रणेपुरता या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी नाशिक जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बनते. इंजिने इगतपुरीस बनत आली. मोटारी नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून बाहेर पडतात. आणि त्यांत भरावयाचे डिझेल मनमाडजवळील पानेवाडी येथील तेलकंपन्यांच्या साठवण-आगारांतून टँकरने गावोगाव जाते. इंधन, नोझल, इंजिन व वाहन अशी सगळी साखळी एका जिल्ह्यात असल्याने, दोष साखळीच्या कोणत्या कडीत आहे असे म्हटले गेले आणि तो प्रत्यक्षात कोणत्या कडीत होता, हे येथे ताडून पाहता येते. तसे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. दोष दाखविणारे साधन जसजसे सूक्ष्म होत गेले, तसतसे दोषाचे कारण त्याच्या कक्षेबाहेर राहू लागले.

प्रथम या यंत्रणेच्या नाजूकपणाचे कारण पाहू. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत इंधन नेमक्या क्षणी फवारले की ते आपोआप पेट घेते. म्हणजे ठिणगीचे कामही इंधनाच्या फवाऱ्यालाच करावे लागते. रुडॉल्फ डिझेल याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला व १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. परंतु त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या जोरावर आत ढकलले जाई. त्यासाठी लागणारा हवादाबक एवढा अवजड होता की हे इंजिन गिरण्यांत व जहाजांत राहिले, मोटारीवर चढले नाही. रॉबर्ट बॉश याच्या जर्मन कंपनीने १९२२ साली इंधनपंप स्वतः बनविण्याचे मनावर घेतले आणि १९२७ पासून ते पंप मोठ्या प्रमाणावर निघू लागले, तेव्हा ही अडचण दूर झाली. १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची २६० डी ही मोटार आली. डिझेलवर चालणाऱ्या व कारखान्यात क्रमाने बनणाऱ्या पहिल्या प्रवासी मोटारींत तिची गणना होते. तिचे पहिले चाहते टॅक्सीवाले होते, हे आपल्याकडील पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पंपातील प्लंजर व त्याचे बॅरल, नोझलमधील सुई व तिचे घर यांच्यातील फट दोन ते चार मायक्रॉन एवढीच ठेवलेली असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. या फटीत वेगळे वंगण घालीत नाहीत. त्यातून झिरपणारे डिझेल हेच तेथील वंगण. चार-धावी इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा फवारा उडतो. अशा यंत्रणेत शिरलेला धुळीचा कण, पाण्याचा थेंब किंवा पातळ झालेले इंधन काय करील हे सांगावयास नको.

महाराष्ट्रास डिझेल इंजिनाची ओळख मोटारीतून झाली नाही. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात आणि किर्लोस्करांच्या कारखान्यांत त्यानंतर बनलेली इंजिने विहिरीवर व पिठाच्या गिरणीत बसली. शेतकऱ्याने धुराच्या रंगावरून व ठोक्यावरून इंजिनाची प्रकृती ओळखण्यास तेथे सुरुवात केली. मोटारदुरुस्तीच्या धंद्यात पुढे जी बोली रुळली तिची मुळे बव्हंशी या विहिरीवरच्या इंजिनांत आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगलोर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, स्थापन झाली. तिचा नाशिकचा कारखाना १९७० च्या सुमारास उभा राहिला आणि नोझल व नोझल-होल्डर हे त्याचे मुख्य उत्पादन झाले. त्याआधी १९६४ साली ओझर येथे विमानांचा कारखाना आला होता. त्यामुळे सूक्ष्म मापाच्या कामाची सवय असलेला कामगारवर्ग शहरात तयार होत होता. कंपनीचे नाव २००८ साली बदलून ‘बॉश लिमिटेड’ झाले, तरी नाशिकच्या ‘मायको सर्कल’ने आपले नाव बदललेले नाही.

मोटारीवर डिझेल इंजिन आपल्याकडे उशिरा आले. ट्रक व बस यांना ते १९५० नंतरच्या दशकातच मिळाले होते. परंतु डिझेलची अँबेसडर १९८० च्या सुमारासची. त्याच दशकात महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन इगतपुरी येथे बनविण्यास आरंभ केला व ते जिपांवर बसविले. खेड्यापाड्यांतून फिरणारी ‘काळी-पिवळी’ या इंजिनांमुळेच परवडू लागली. डिझेल मोटार घेणारा प्रथमपासून हिशेबी माणूस होता: रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणारा, भाड्यावर पोट असणारा. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा तो दिवस बुडे. त्यामुळे निदान लवकर व्हावे हा आग्रह, आणि ते अचूक व्हावे ही गरज, या दोहोंची ओढाताण मुळापासूनच होती.

पहिल्या काळातील निदान हात, कान व डोळे यांनी होत असे. त्याची पद्धत मात्र ढोबळ नव्हती. गाडी ‘मिसिंग’ करते, म्हणजे एखादा सिलिंडर काम करीत नाही, अशी तक्रार आली की मेकॅनिक इंजिन मंद चालू ठेवी आणि पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करी. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर कामात होता. आवाजात फरकच पडला नाही, तर दोषी सिलिंडर सापडला. येथे तो थांबत नसे. त्या सिलिंडरचे नोझल काढून शेजारच्यास लावी. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर पंपाचा तो घटक, अथवा व्हॉल्व्ह व रिंगा पाहावयाच्या. आपल्या तर्कशास्त्रात जिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तीच ही रीत होय, आणि ती ग्रंथांवाचून गुरुशिष्यपरंपरेने चालत आली. काही जण नट सैल करण्याआधी नळीवर बोट ठेवून फवाऱ्याचा ठोका पाहत. त्याला नाडी पाहणे म्हणत असले तर नवल नाही.

धुराचेही शास्त्र होते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेले इंधन, उशिरा पडणारा फवारा किंवा पाणी. निळसर म्हणजे वंगणतेल जळते आहे. ‘एअर घेते’ हा शब्दप्रयोग तर सर्वतोमुखी झाला. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कोठेतरी हवा शिरते, हातपंप मारून ती काढली की गाडी चालते आणि रात्रभर उभी राहिली की पुन्हा चालू होत नाही, असा तो दोष. हिवाळ्यात निफाडकडे पारा उतरला की सकाळी गाडी चालू न होणे ही नित्याची तक्रार असे; तेथे फवारा चुकतो की दहनकक्ष तापविणारा ग्लो प्लग जळला आहे, हे ओळखण्यात मेकॅनिकची परीक्षा होई. गरज नसताना नोझल बदलण्याचे प्रकार अशा दिवसांत अधिक घडत.

या पद्धतीत एक गोष्ट होती जी पुढे हरवली. मेकॅनिकचे हात त्या गाडीतीलच डिझेलात बुडालेले असत. फिल्टर उघडताना त्याचा वास येई, तळाशी साचलेले पाणी दिसे, बोटांत चोळून त्याचा पातळपणा कळे. निदान व कारण यांच्यामध्ये अजून भिंत उभी राहिली नव्हती.

ती भिंत ‘पंप-नोझल’च्या दुकानाने उभी केली. हे दुकान म्हणजे दुरुस्तीच्या धंद्यातील स्वतंत्र वर्ग. काचेचे तावदान, स्वच्छ बाक, आत येण्याआधी चपला काढावयाच्या, असा त्याचा थाट. तेथे नोझल हातपंपाच्या परीक्षकावर चढवीत व ते किती दाबास उघडते हे घड्याळावर पाहत. पूर्वकक्ष असलेल्या त्या काळच्या मोटारींत हा दाब साधारणपणे १२० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एकशेवीस पट असे. फवारा धुक्यासारखा बारीक पडतो की पिचकारीसारखा, उघडताना नोझल ‘बोलते’ की नाही, टोकाशी थेंब लोंबतो की काय, हे सारे पाहिले जाई. पंप मोठ्या परीक्षण-यंत्रावर बसे. ठरावीक वेगाने तो फिरवून प्रत्येक नळीतून किती इंधन येते हे काचेच्या मापनळ्यांत मोजीत व सर्व नळ्यांत सारखे येईतो जुळणी करीत. यास कॅलिब्रेशन म्हणतात. काम झाल्यावर जास्तीतजास्त इंधनाच्या स्क्रूवर शिशाचे सील लागे. रस्त्यावरच्या मेकॅनिकने ‘पिकअप’ वाढविण्यासाठी ते सील तोडले की गाडी चढाला जोर धरी, काळा धूर सोडी, आणि पुढील सर्व दोषांची जबाबदारी सील तोडणाऱ्यावर पडे. निदानाचा अधिकार अशा रीतीने एका वर्गाकडून दुसऱ्याकडे गेला.

परीक्षण-यंत्राची अचूकता वादातीत आहे. मात्र त्या यंत्रावर पंप फिरतो तो गाडीतील डिझेलवर नव्हे. मापे जगभर सारखी यावीत म्हणून तेथे प्रमाणित परीक्षणतेल ठरावीक उष्णतामानावर वापरतात. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे इंधन हा घटक निदानातून नियमाप्रमाणेच वगळला जातो. प्लंजर झिजला आहे एवढे यंत्र सांगते. का झिजला हे सांगण्याचे त्याचे कामच नव्हे. मालक नवीन घटक बसवून जाई आणि काही महिन्यांनी तोच पंप घेऊन परत येई.

फिरत्या वितरकाचा लहान पंप मोटारींवर आल्यावर ही उणीव अधिक बोचू लागली. जुन्या सरळ रांगेच्या पंपाचा खालचा भाग इंजिन-ऑइलात चाले. नवा पंप संपूर्णपणे डिझेलच्याच वंगणावर अवलंबून होता. त्याच्या झिजेचे एक ठळक लक्षण होते. सकाळी थंड असताना गाडी चालू होई, पण घाटातून येऊन गरम अवस्थेत बंद केली की पुन्हा चालू होत नसे. कारण तापून पातळ झालेले डिझेल वाढलेल्या फटीतून निसटे व फवाऱ्यास लागणारा दाब जमत नसे. जाणता मेकॅनिक पंपाच्या डोक्यावर तांब्याभर थंड पाणी ओती. पाणी ओतल्यावर गाडी चालू झाली की पंप गेला असे समजावे. इतके स्वस्त आणि इतके खात्रीचे निदान या सबंध इतिहासात दुसरे आढळत नाही.

पंप अकाली का जात होते, या प्रश्नाचे एक उत्तर पानेवाडीत होते. मुंबईहून मनमाडपर्यंतची तेलवाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्यावर या आगारांचे महत्त्व फार वाढले व तेथून निघणाऱ्या टँकरांची संख्याही वाढली. रेशनवरचे रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांत तेव्हा मोठे अंतर होते. २०११ च्या आरंभी रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये, तर डिझेल चाळिशीच्या आसपास. गरिबाच्या चुलीसाठी दिलेल्या सवलतीचे रॉकेल टँकरमध्ये मिसळणे हा किफायतीचा धंदा ठरला. रॉकेल डिझेलहून पातळ व वंगणगुणाने हीन. ते जळते उत्तम, म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. झीज हळूहळू होते आणि दोष दिसेतो इंधन कोठून आले याचा माग पुसला गेलेला असतो.

ग्राहकाच्या हाती घनतामापक देऊन हा प्रश्न सुटेल असे बराच काळ मानले गेले. त्यातील मर्यादा साध्या गणिताने दिसते. डिझेलची घनता घनमीटरला ८३० किलो व रॉकेलची ८०० धरली, तर दहा टक्के रॉकेल मिसळलेल्या डिझेलची घनता ८२७ येते. विक्रीकेंद्रावर नोंदविलेल्या घनतेपासून तीन किलोपर्यंतचा फरक नियमांनुसार चालण्याजोगा होता. म्हणजे दहावा हिस्सा भेसळ असूनही काचेचा मापक निर्दोष साक्ष देई. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील वाहन-इंधन-धोरण समितीने २००२ च्या आपल्या अहवालात भेसळीचा विचार केला होता. २००६ साली रॉकेलमध्ये खुणेचे द्रव्य मिसळण्याची योजना सुरू झाली, पण ती फार काळ टिकली नाही.

२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ एका ढाब्यानजीक टँकरांपाशी चाललेल्या गैरव्यवहाराचा संशय आला. ते थांबले, पुरावा टिपू लागले आणि तेथेच त्यांच्यावर हल्ला करून त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळण्यात आले. राज्यभर शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले व तेलाच्या अड्ड्यांवर छापे पडले. यंत्राच्या इतिहासात ही घटना कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु काचेच्या तावदानामागे जे कारण दिसू शकत नव्हते, ते शोधण्यास ते अधिकारी जेथे उभे राहिले तेथेच जावे लागत होते. झिजलेल्या प्लंजरपासून मागे मागे जात राहिले तर वाट अखेर त्या ढाब्यापाशी पोहोचते.

अर्थात प्रत्येक बिघाडाचे खापर भेसळीवर फोडणे हा दुसरा दोष होय, आणि तोही या काळात पुष्कळ घडला. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात टाकीत पाणी जाणे, सांधे ढिले पडणे, फिल्टर वेळेवर न बदलणे ही कारणे अधिक सामान्य होती. पण ‘डिझेल खराब होते’ असे म्हटले की वाहनविक्रेता, पंपवाला व मालक तिघेही मोकळे होत.

शेवटचा पालट ‘कॉमन रेल’ने घडवून आणला. युरोपात १९९७ साली आलेली ही पद्धती भारतातील मोटारींत २००२ पासून दिसू लागली. नाशिकहून २००२ साली निघालेली स्कॉर्पिओ आरंभी जुन्या पद्धतीच्या पंपावर चाले. काही वर्षांत तीही कॉमन रेलवर गेली, आणि २००७ सालची नाशिकचीच लोगन तर डिझेल रूपात प्रथमपासून त्याच पद्धतीची होती. सातपूरलाही पुढे या पद्धतीचे इंजेक्टर बनू लागले. यात एका समाईक नळीत डिझेल सतत भारी दाबाने साठविलेले असते व प्रत्येक इंजेक्टर विजेच्या संकेताने उघडतो. पहिल्या पिढीतच हा दाब १,३५० बारपर्यंत होता. त्यामुळे नट सैल करून आवाज ऐकण्याची ती जुनी रीत एका दिवसात निषिद्ध ठरली. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जी परीक्षा मेकॅनिकची विद्या होती ती आता त्याच्या जिवावरचा अपघात झाली.

तिच्या जागी संकेतांक आला. स्कॅनर जोडला की पडद्यावर उदाहरणार्थ ‘पी ००८७’ अशी अक्षरे उमटतात. सामान्य मालकास हे अंतिम निदान वाटते, आणि काही दुकानांत ते तसेच विकलेही जाते. प्रत्यक्षात हा अंक ‘नळीतील दाब अपेक्षेपेक्षा कमी’ एवढेच सांगतो. फिल्टर तुंबला असेल, टाकीकडून येणारी वाट हवा घेत असेल, उच्चदाबाचा पंप झिजला असेल, दाबनियामक अडकला असेल, एखादा इंजेक्टर आतून गळून सारे डिझेल परतीच्या नळीत सोडीत असेल, किंवा दाब मोजणारा संवेदकच खोटे बोलत असेल. संकेतांक म्हणजे लक्षणाचे नाव. धूर काळा आहे असे म्हणण्यापलीकडे त्याची ज्ञानशास्त्रीय पायरी फारशी वर नाही. फरक इतकाच की धुरास कोणी छापील पुरावा समजत नसे.

म्हणून चांगले मेकॅनिक अंक वाचून थांबत नाहीत. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी काढून तिला एकेक लहान बाटली लावतात, इंजिन ठरावीक वेळ चालवितात आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त जमले ते पाहतात. जास्त गळणारा इंजेक्टर दोषी. ही परीक्षा पाहिली की सैल केलेल्या नटांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकास दुसऱ्याशेजारी ठेवून फरक शोधण्याची तीच रीत, फक्त आवाजाऐवजी बाटलीतील पातळी.

रॉकेलवरील सवलत २०१६ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली व भेसळीतील नफ्याचे मूळच बरेचसे तुटले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानक लागू झाल्यावर डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत दहा भागांवर आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, तो वेगळी द्रव्ये मिसळून भरून काढावा लागतो. लहान डिझेल मोटारी काही कंपन्यांनी त्याच वेळी बंद केल्या. ज्या रस्त्यावर आहेत त्यांच्या इंजेक्टरची किंमत इतकी आहे की चारही बदलावयाचे म्हटले तर जुन्या गाडीचा मालक गाडी विकण्याचा विचार करू लागतो. अशा वेळी स्कॅनर बाजूला ठेवून फिल्टर उघडला जातो, त्यातील डिझेल काचेच्या बाटलीत ओतून घटकाभर स्थिर ठेवतात, उजेडात धरून तळाशी पाण्याचा थर बसला आहे का हे पाहतात, आणि मालकास विचारतात की टाकी शेवटची कोठे भरली होती.